‘आजी चुकीचं बोलते’

ताई,

मी ६३ वर्षांची. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायचे, आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा पहिलीलाही. आता घोडबंदर रोडला मुलाकडे असते. नातू साडेचार वर्षांचा, दिवसभर माझ्यापाशी. सून मूळची डोंबिवलीची, मराठी शाळेत शिकलेली. आता ऐरोलीला नोकरी करते, अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलायचं काम. मुलगी गुणी आहे, मला कधी उलट शब्द नाही.

गेल्या महिन्यात जेवताना नातू माझ्यासारखं ‘झिरो’ म्हणाला, सुनेने सुधारलं. मग ‘झेब्रा’ नको, ‘झीब्रा’ म्हण, म्हणाली. मग ‘व्हेजिटेबल’, मग ‘वेडनेसडे’. नातू हसत म्हणाला, ‘आजी चुकीचं बोलते.’ सून त्याला रागावली, पण रात्री मला हळूच म्हणाली, ‘आई, तुम्ही त्याच्याशी मराठीतच बोला ना, इंग्रजीचं आम्ही बघतो.’ तेव्हापासून मी त्याच्यासमोर इंग्रजी शब्द टाळते. परवा ‘फ्रीज’ म्हणतानाही अडखळले. एकीने वाशीतला उच्चार सुधारायचा क्लास सुचवलाय, लावू का? आणि खरं विचारायचंय ते हे की, मी ३१ वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं का? माझ्या वर्गात बाळकुम-कोलशेतकडची आगरी मुलं असायची. ती ‘गारी’, ‘पानी’ म्हणायची. त्यांना मी ‘गाडी’, ‘पाणी’ म्हणायला लावायचे. आता माझी पाळी आली, असं वाटतं.

— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

बाई,

तुम्हाला काकू म्हणता आलं असतं, पण ३१ वर्षं वर्गावर काढलेल्या बाईंना बाईच म्हणावं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फ्रीजपाशी थांबले. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच नातवाशी बोलताना शब्द तोलावा लागणं फार वाईट. ते आजपासून बंद करा. आणि क्लास लावू नका. का, ते पुढे येईलच.

आधी तुमचे चार शब्द घेऊ. तुम्ही चारही एकाच पोतडीत भरलेत आणि सूनबाईंनीही तेच केलं, पण त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

‘झेब्रा’त तुमचं काहीही चुकलेलं नाही. इंग्लंडमध्ये झेब्राच म्हणतात. ‘झीब्रा’ अमेरिकेतला. त्याच शब्दाच्या पहिल्या अक्षराला इंग्लंडमध्ये ‘झेड’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘झी’. इंग्रजांचं जुनं ‘शेड्यूल’, अमेरिकेचं ‘स्केड्यूल’. आपल्या शाळांनी इंग्रजी इंग्लंडकडून घेतलं, तुम्ही तेच शिकलात आणि तेच शिकवलंत. सूनबाई रोज आठ-नऊ तास अमेरिकन माणसांशी बोलतात, त्यांच्या कानात ‘झीब्रा’ बसला. दोघी बरोबर आहात, आणि हे नातवासमोर दोघींनी मिळून म्हणायला हवं.

‘वेडनेसडे’ आणि ‘व्हेजिटेबल’ यांत मात्र सूनबाईंचं बरोबर आहे. बुधवारच्या शब्दातला तो ‘ड’ आता बोलत नाहीत, ‘वेन्झडे’ म्हणतात. भाजीच्या शब्दाचे तीनच ठोके, ‘व्हेज्-ट-बल’, आणि शेवटी जेवणाचं टेबल येत नाही. ‘कम्फर्टेबल’चंही तसंच. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आता कळलं, विषय मिटला.

राहिला ‘झिरो’. याच्यावर जरा जास्त बोलते, कारण हा शब्द तुमच्या घरातला सगळा पेच उलगडून दाखवतो.

आपल्या मराठीत ‘ज’ एकच लिहितो, पण बोलतो दोन. ‘हे जग मोठं आहे’ यातलं जग आणि ‘सुखाने जग’ यातलं जग मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या वेळी जीभ टाळूला लागते, दुसऱ्या वेळी दातांच्या मुळाशी. ‘झ’चंही तसंच. ‘माझा’ म्हणताना जीभ पुढे असते, ‘माझी’ म्हणताना मागे सरकते. का सरकते? पुढे ‘ई’ आली म्हणून. इकार-एकार आला की त्याआधीचा ‘झ’ टाळूकडे वळतो, हा आपल्या भाषेचा नियम. तो कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, आईच्या मांडीवरच येतो.

आता ‘झू’ म्हणा. बऱ्यापैकी इंग्रजीसारखा येतो, कारण पुढे ‘ऊ’ आहे, जीभ दातांपाशी राहते. ‘झिरो’ म्हणताना पुढे ‘इ’ आली, नियम जागा झाला आणि ‘माझी’तला ‘झ’ आला. म्हणजे तुमची जीभ कुठे आळसावली नाही की अडाणी ठरली नाही. तिने शुद्ध मराठी नियम पाळला, फक्त परक्या शब्दावर पाळला.

हे सगळ्यांचंच होतं. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दिवसभरात जितकी माणसं चढतात, तितक्या तऱ्हेची इंग्रजी तुमच्या कानावर येत असेल. उत्तरेकडचे शेजारी ‘इस्कूल’ म्हणतात, कारण त्यांच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीला असं जोडाक्षर रुळत नाही. स्पॅनिश बोलणारेही नेमकं हेच करतात, त्यांना तोंड उघडायला आधी ‘ए’ लागतो. गुजराती शेजारी पुष्कळदा ‘हॉल’ला ‘होल’ म्हणतात. आपण ‘ऑ’ आणि ‘ॲ’ बॅट, बॉल, बँक, ऑफिस यांच्यासाठी लिपीतच घेतले, म्हणून आपल्याला ते सोपे जातात. दक्षिणेकडचे पुष्कळ जण ‘एच’ला ‘हेच’ म्हणतात. आयर्लंडमध्येही ‘हेच’ आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर या एका अक्षराच्या नावावरून माणूस कॅथलिक घरचा की प्रोटेस्टंट घरचा याचा लोक अंदाज बांधतात. ‘थ’ची तऱ्हा बघा. आपण ‘थँक्यू’ दातांना जीभ लावून म्हणतो आणि आपल्याला वाटतं, आपणच चुकतो. लंडनच्या कामगार वस्त्यांमध्ये ‘थिंक’चा ‘फिंक’ होतो. आयर्लंडमध्ये पुष्कळांच्या तोंडी ‘थ्री’ आणि ‘ट्री’ सारखेच.

आता तुमचा मोठा प्रश्न. ३१ वर्षं चुकीचं शिकवलं का?

काही शब्द चुकीचे शिकवलेत, हो. तुम्ही खरं उत्तर मागितलंत म्हणून खरं सांगते. पण ते तसे का शिकवले गेले, तेही बघा. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी डोळ्यांनी शिकल्या. समोर पुस्तक, फळ्यावर अक्षरं, आणि ऐकायला कुणी नाही. जे लिहिलंय ते वाचलं. मराठी मुलाला ते साहजिकच वाटतं, कारण आपल्याकडे बहुतेक जसं लिहितो तसं वाचतो. इंग्रजीने मात्र तिथे सगळ्या जगाला फसवलंय. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना काढला. स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, आणि नेमके त्याच शतकांमध्ये इंग्रजीतले दीर्घ स्वर बदलत होते. लिहिणं जागेवर राहिलं, बोलणं पुढे निघून गेलं. ‘नाइफ’मधला पहिला ‘क’ एके काळी खरोखर बोलायचे. बुधवार हा वोडन नावाच्या देवाचा वार, त्याच्या नावातला ‘ड’ तुमच्या वेडनेसडेत अजून बसलाय.

काही अक्षरं तर कधी उच्चारलीच गेली नव्हती. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दात ‘ब’ आहे हे दाखवायला पंडितांनी तो मागून घातला. बेटाच्या ‘आयलंड’मधला ‘एस’सुद्धा असाच बाहेरून आलेला. म्हणजे कुणी विद्यार्थी ‘डेब्ट’ म्हणाला, तर त्याने समोर लिहिलेलं इमानाने वाचलं. चूक म्हणायचीच, तर ती त्या पंडितांची.

तुम्ही डी.एड. केलंत त्या काळात इंग्रजी शब्द इंग्रजी माणसाच्या तोंडून ऐकायची सोय किती होती, ते तुम्हालाच ठाऊक. त्या तुटपुंज्या सोयीत तुम्ही पोरांना अक्षरओळख दिलीत, अर्थ दिलात, वाक्य जोडायला शिकवलंत. उच्चार नंतर कानावर पडून बदलतो. तुमच्या सूनबाईंचा नाही का बदलला? त्या मराठी शाळेतल्याच आहेत. त्यांनाही तुमच्यासारख्याच एखाद्या बाईंनी ‘वेड-नेस-डे’ शिकवलं असणार. त्या पायावर त्या आज अमेरिकेशी बोलतात.

आता आगरी मुलांचं. हे तुम्ही न लिहिता गाळू शकला असतात. लिहिलंत, म्हणून मीही उत्तर टाळत नाही.

‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ हे आगरी बोलीचे नियम आहेत, तुमच्या ‘झिरो’सारखेच पक्के. त्या मुलांना मराठी येत नव्हतं असं नाही. त्यांना त्यांचं मराठी येत होतं. परीक्षेसाठी, अर्जासाठी, नोकरीसाठी त्यांना प्रमाण मराठीही यायला हवं होतं, ते शिकवणं तुमचं काम होतं आणि तुम्ही ते केलंत. ते बरोबरच. पण ‘गारी’ ही चूक आहे, असं जर त्यांच्या मनावर बसलं असेल, तर तेवढं व्हायला नको होतं. ज्या घरात आई ‘गारी’ म्हणते, त्या घरातल्या मुलाने ‘गारी चूक’ हे कुठे ठेवायचं? आज नातवाने ‘आजी चुकीचं बोलते’ म्हटल्यावर जी कळ तुमच्या पोटात उठली, ती कळ त्या मुलांच्या घरी एखाद्या आजीला उठली असेल. तुम्हाला ते जाणवलं, म्हणून तर ती ओळ पत्रात आली.

एक गंमत सांगते, खरीखुरी. सूनबाई ऑफिसच्या फोनवर ‘वॉटर’ किंवा ‘बेटर’ कसं म्हणतात, ते कान देऊन ऐका. अमेरिकेत दोन स्वरांच्या मधल्या ‘ट’-‘ड’चा एक हलका ठोका होतो. जीभ टाळूला निसटता स्पर्श करून खाली येते, आणि जो आवाज निघतो तो आपल्या ‘र’च्या अगदी शेजारचा. ‘लॅडर’ आणि ‘लॅटर’ त्यांच्या तोंडी एकसारखे होतात. म्हणजे गाडीची ‘गारी’ करणारी जीभ आणि ‘वॉटर’ला अमेरिकन वळण देणारी जीभ एकच हालचाल करते. एकीसाठी लोक क्लासला पैसे भरतात, आणि दुसरीसाठी आपण पोरांना पुन्हा म्हणायला लावतो.

हा भेद आवाजात नसतो, तो माणसांच्या पायरीत असतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९६२ साली विल्यम लबोव्ह नावाचा अभ्यासक तिथल्या तीन मोठ्या दुकानांमध्ये गेला. साक्स श्रीमंतांचं, मेसीज मधल्या लोकांचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. जी वस्तू चौथ्या मजल्यावर मिळते हे त्याला आधीच ठाऊक असायचं, नेमकी तीच तो विचारायचा. विक्रेता सांगायचा, ‘फोर्थ फ्लोअर’. मग हा ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचा, तो पुन्हा नीट सांगायचा. मग बाजूला जाऊन हा वहीत टिपायचा की, ‘फोर्थ’मधला आणि ‘फ्लोअर’मधला ‘र’ आला की नाही. श्रीमंत दुकानात निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांनी ‘र’ कमी-अधिक उच्चारला, स्वस्त दुकानात पाचातल्या जेमतेम एकाने. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर, म्हणजे जपून बोलताना, ‘र’ वाढायचा. विक्रेते स्वतः काही कुठे श्रीमंत नव्हते. ज्यांच्यासमोर उभं राहायचं, त्यांची ढब त्यांनी उचलली होती.

आता इंग्लंडमध्ये जा. तिथे हाच ‘र’ गिळणं शिष्टपणाचं मानतात. ‘कार’चं ‘का’ होतं, आणि शेवटचा ‘र’ खणखणीत म्हणणारा नैर्ऋत्येकडचा शेतकरी खेडवळ ठरतो. स्कॉटलंडचे लोक तो अभिमानाने म्हणतात. एकच ‘र’, न्यूयॉर्कमध्ये घेतला की मान, लंडनमध्ये सोडला की मान. खुद्द इंग्लंडमध्येही एकवाक्यता नाही. दक्षिणेकडे ‘बाथ’, उत्तरेकडे ‘बॅथ’. चहाबरोबरच्या त्या छोट्या पावाला ‘स्कॉन’ म्हणायचं की ‘स्कोन’, यावर तिथे अजून वाद होतात. बीबीसीने १९२६ साली निवेदकांचे उच्चार ठरवायला समिती नेमली होती. इंग्रजांनाच इंग्रजी कसं बोलायचं ते ठरवायला समिती लागली, तिथे ठाण्याच्या बाईंनी ‘झिरो’साठी रात्र जागून काढायची?

याचा अर्थ उच्चाराकडे लक्षच देऊ नये, असं मी म्हणत नाही. पुढच्याला कळलं नाही तर बोलण्याला अर्थ नाही, आणि तुमचे जुने विद्यार्थी आज ऐरोली, महापे, वागळे इस्टेटच्या ऑफिसांत असतील, त्यांना याची गरज पडते. पण गरज पडते ती बहुधा ‘झ’मध्ये नाही, आघातात. इंग्रजी शब्दात एका ठोक्यावर जोर पडतो, आणि ऐकणारा त्या जोरावरून शब्द ओळखतो. आपण मराठीसारखे सगळे ठोके सारख्या वजनाने टाकतो. ‘डेव्हलप’चा जोर दुसऱ्या ठोक्यावर आहे, ‘हॉटेल’चाही दुसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ ही वस्तू असेल तर जोर पहिल्यावर, क्रिया असेल तर दुसऱ्यावर. दुसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण लिहितो वेगळे, बोलतो सारखे. शुद्धलेखनात ज्यावर तुमचा लाल पेन आयुष्यभर झिजला, तेच इथेही आडवं येतं. एवढं सांभाळलं तरी पुढच्याला बहुतेक सगळं कळतं. राहिलेला तुमचा मराठी बाज राहू द्यावा.

आता माझ्या घरचं सांगते. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. मी इंग्रजी शाळेत. एकदा नळ गळत होता म्हणून ते दुरुस्त करत बसले होते, शेजारचे काका बघत उभे होते. बाबा मला म्हणाले, ‘डबीतला वायसर दे गं.’ मी आठवीत होते. म्हटलं, ‘बाबा, वायसर नाही, वॉशर.’ काका हसले. बाबांनी स्वतः उठून डबी घेतली. त्यानंतर माझ्यासमोर ते ती वस्तू नावाने मागत नसत. बोट दाखवून ‘ती रबरी चकती दे’ म्हणायचे. पुढे भाषाशास्त्र शिकताना वाचलं की, अमेरिकेच्या मध्य भागातले जुने लोक ‘वॉश’मध्ये मूळ नसलेला ‘र’ घालून ‘वॉर्श’ म्हणतात, आणि तिथे त्याला बोलीचं वैशिष्ट्य म्हणून नोंदवून ठेवलंय. तेव्हा बाबा नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं. वर्षानुवर्षं ज्या हातांनी वायसर बसवले, त्या माणसाला मी त्या शब्दासाठी बोटाने खूण करायला लावली, हे मला अजून टोचतं. म्हणून तुमच्या फ्रीजचं मला इतकं लागलं.

सूनबाईंविषयी. त्यांनी तुमचा अपमान करायला ते म्हटलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मला तर वाटतं, डोंबिवलीच्या मराठी शाळेतून त्या फोनपर्यंत पोहोचताना त्यांना कुणीतरी हसलं असणार. कॉलेजात असेल, पहिल्या इंटरव्ह्यूत असेल. आपल्या पोराला ते सोसावं लागू नये, एवढंच त्यांच्या मनात असेल. एखाद्या संध्याकाळी चहा घेताना त्यांना सरळ विचारा, ‘तुला कुणी हसलं होतं का गं?’ उपदेश करू नका, ऐका. मग म्हणा, ‘वेन्झडे आणि व्हेज्टबलमध्ये तुझं बरोबर, मी बदलीन. झेब्रा मात्र मी झेब्राच म्हणणार, आणि त्याच्यासमोर चूक म्हणू नकोस, आजी असं म्हणते आणि मम्मा असं, एवढंच म्हण.’ त्या समजूतदार वाटतात, ऐकतील.

नातवाचा उच्चार तुमच्यामुळे बिघडेल ही भीती तर त्यांनी सोडूनच द्यावी. मुलं शेवटी घरच्यांसारखी बोलत नाहीत, सोबत्यांसारखी बोलतात. परदेशी गेलेल्यांच्या घरी आई-वडिलांची ढब कायम आपल्याकडची राहते, आणि पोरं वर्षा-दोन वर्षांत तिकडची होतात. तुमचा नातूही वर्गातल्या पोरांसारखं इंग्रजी बोलेल. तुम्ही शंभर वेळा ‘झिरो’ म्हणालात तरी.

त्याला तुमच्याकडून जे मिळेल ते मात्र शाळेत मिळणार नाही. १९८४ साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोहोचलेल्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. जे कानावर पडत नाही, ते कान सोडून देतो. म्हणून मोठ्या इंग्रजाला ‘ताट’ आणि ‘टाट’ एकच वाटतं. म्हणून त्यांच्या जुन्या कागदांत आपलं ठाणे ‘टाना’ होऊन बसलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली. त्यांच्या जिभेला ‘ठ’ आणि ‘ण’ पेलले नाहीत, आणि आपल्या माणसांनी त्यांच्या ‘स्टेशन’चं ‘ठेसन’ केलं. फिट्टंफाट झाली. आजही इंग्रजी स्पेलिंग वाचून परदेशी माणूस आपल्या गावाला ‘थेन’ म्हणतो, आणि त्याला कुणी क्लास लावायला सांगत नाही.

नातवाचं वय लहान आहे. कळव्याचा ‘ळ’, ठाण्याचा ‘ण’, जगातला ‘ज’ आणि जगण्यातला ‘ज’ हे सगळं त्याच्या कानात आत्ता सहज बसेल. तेव्हा सूनबाई म्हणतात तसं मराठीत बोलाच त्याच्याशी, भरपूर बोला. फक्त हद्दपारी झाल्यासारखं नाही. तुमच्या मराठीत फ्रीज, कुकर, लिफ्ट, पावडर येणारच, ते तुमच्या पद्धतीने येऊ द्या. ‘तिकीट’, ‘बटण’, ‘पलटण’ असेच आले आणि घरचे झाले. आणि एखाद्या दुपारी त्याला ‘गारी’सुद्धा सांगा. सांगा की, तुझ्या आजीच्या वर्गातली मुलं गाडीला गारी म्हणायची आणि कोलशेतला अजून म्हणतात.

‘झिरो’ तुम्हाला मनापासून सुधारायचा असेल, तर त्याला वाशीपर्यंत जायला नको. नातवाला मांडीवर घ्या. ‘स्स्स्’ असा सापासारखा लांब आवाज काढा आणि त्याला त्याचं बोट तुमच्या गळ्यावर ठेवायला सांगा. काही हलणार नाही. मग जीभ तिथेच ठेवून, दातांना न टेकवता, गळ्यातून आवाज सोडा. साप जाऊन मधमाशी येईल आणि त्याच्या बोटाला कंप जाणवेल. तोच झेड. त्याला जोडून ‘इरो’ म्हणा. मग पाळी बदला, तुमचं बोट त्याच्या गळ्यावर. आठवडाभर दोघांनी मिळून मधमाशी केलीत की सूनबाईंना एकदा ऐकवा.

आणि तो पहिली-दुसरीत जाऊन बुधवारचं स्पेलिंग विसरायला लागला की, तेव्हा तुमचं जुनं ‘वेड-नेस-डे’ बाहेर काढा. बोलायला नाही, लिहायला. त्यासाठी त्याहून सोपी युक्ती मला तरी अजून सापडलेली नाही.